खात्रीची बंडी

खुर्ची लागली ती डाव्या खांद्याला. प्लॅस्टिकची होती म्हणून हाड वाचलं.

संजीवनी खरात त्या वेळी कबड्डीच्या मैदानावर पंच म्हणून उभी होती आणि तिने दिलेला निर्णय बरोबर होता. चढाई करणाऱ्या मुलाचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडलेला तिने चार फुटांवरून पाहिला होता. तरीही प्रेक्षकांतून आधी शिट्ट्या आल्या, मग बाटल्या, मग ती खुर्ची. त्या गावाचं नाव नको. तिथली माणसं एरवी चांगली आहेत.

संजीवनी कराडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. वय चव्वेचाळीस, आणि त्यातली वीस वर्षं पंचगिरीत गेलेली. नियम तोंडपाठ, नजर तयार. दोष एकच होता, तो तिच्या हातात. निर्णय देताना तिचा हात आधी अर्धा वर जायचा. तिथे क्षणभर थांबायचा. तेवढ्यात तिचे डोळे समोरच्या पंचाकडे जाऊन यायचे आणि मग हात पुरता वर व्हायचा. "खरातबाईंचा हात विचारत विचारत वर जातो," अशी जिल्ह्यात थट्टा चालायची.

खांदा बरा होतो न होतो तोच कबड्डी संघटनेचं पत्र आलं. पंचांसाठी एक नवं साधन तयार झालं आहे, चाचणीसाठी पुण्याला जावं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. नीलांबरी देव यांनी तिला पडद्यासमोर बसवलं. बाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना सतत चष्मा काढघाल करणाऱ्या. पडद्यावर संजीवनीचीच दोन चित्रणं होती. निर्णय एकच, प्रसंग एकच. एकात तिचा हात नेहमीसारखा अडखळत वर जात होता. दुसऱ्यात संगणकाने तो अडखळा कापून टाकला होता.

"ही दोन्ही आम्ही सहाशे लोकांना दाखवली," डॉक्टर म्हणाल्या. "पहिलं पाहून दहातल्या चौघांना तुमचा निर्णय पटला. दुसरं पाहून नऊ जणांना."

"पण निर्णय तर तोच आहे!"

"लोक निर्णय बघत नाहीत, खरातबाई. त्यांना मैदानावरचं नीट दिसलेलं नसतं. ते तुम्हाला बघतात. पंचाला खात्री आहे ना, एवढंच त्यांना हवं असतं. आणि ती ते शोधतात तुमच्या खांद्यात, हनुवटीत, हात किती वेळात वर गेला त्यात. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात हात गेला तर खात्री. अर्धा सेकंद लागला तर संशय."

मग त्यांनी ती बंडी दाखवली. पातळ, राखाडी, अंगाला घट्ट बसणारी, लांब बाह्यांची. आतून नाण्याएवढ्या चकत्या शिवलेल्या. माणसाने हात उचलायच्या आधीच स्नायूंमध्ये बारीकशी वीज खेळू लागते. बंडी ती वीज ओळखायची, हात कुठे निघाला आहे याचा अंदाज घ्यायची आणि आपल्याकडून हलका प्रवाह सोडून ती हालचाल एका झटक्यात पुरी करायची. खांदे मागे, मान ताठ, हात दोन सेकंद अढळ. पाहणाऱ्याला काही कळायचं नाही. घालणाऱ्याला मुंगी चालल्यासारखं वाटायचं, इतकंच.

"म्हणजे निर्णय ही घेते?" संजीवनीने विचारलं.

"छे. निर्णय तुमचाच. ही फक्त तो ठामपणे सांगते."

बंडी घालून संजीवनीने पहिला सामना केला तो इस्लामपुरात. एकही शिट्टी आली नाही. हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने येऊन हात जोडले, "बाई, आज काही बोलायला जागाच ठेवली नाहीत." वीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. परतताना गाडीत ती एकटीच हसत होती.

दोन हंगाम असे गेले. मैदानावरच्या मारामाऱ्या थांबल्या. राज्यभरातल्या पंचांना बंड्या मिळाल्या. पोलीस खात्याने चौकशी केली, मग गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी, मग दोन पुढाऱ्यांच्या माणसांनी. वर्तमानपत्रात डॉक्टरांचा फोटो आला.

पहिली शंका आली ती घरात.

संजीवनीचा नवरा भरत सरकारी मोजणी खात्यात होता. जमिनीच्या हद्दी मोजून देणं हे त्याचं काम. माणूस अतिशय काटेकोर. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "उद्या चार वाजता आपल्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचंय. रजा टाकलीस ना?"

"तुम्ही मला सांगितलंच नाही," संजीवनी म्हणाली.

तिने बंडी घातली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ हातात चमचा घेऊन उभी होती. पण तिचे खांदे मागे गेले होते, मान ताठ झाली होती आणि चमच्याचं टोक भरतच्या छातीवर रोखलं होतं. तिला ते जाणवलंसुद्धा नाही. भरतच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी हललं आणि विझलं.

"नसेल सांगितलं," तो म्हणाला. "माझ्याच डोक्यातून गेलं असेल."

दुसऱ्या दिवशी शाळेत मोबाइल चाळताना तिला आठ दिवसांपूर्वीचा त्याचा निरोप सापडला. तारीख, वेळ, डॉक्टरांचं नाव. खाली तिचंच उत्तर होतं: बरं.

ती धावत घरी आली. भरत तयार होऊन बसला होता. तिने मोबाइल पुढे धरला. "अहो, तुम्ही सांगितलं होतं. मग काल गप्प का बसलात?"

भरतने टेबलाच्या खणातून एक वही काढली. तिच्यात त्याच्या नेटक्या अक्षरात ओळी होत्या. 'शुक्रवार, संजूला विजेच्या मीटरचं सांगितलं. ती हो म्हणाली.' 'मंगळवार, आईला फोन मी केला, तिने नाही.' अशी चौदा पानं.

"हे काय?"

"दिवाळीपासून लिहितोय." तो वहीकडेच बघत होता. "तू काही म्हणालीस की मला ते दिसायला लागतं. म्हणजे तू म्हणतेस तसंच झालं होतं, असं चक्क डोळ्यांसमोर येतं. दिवसभर शेताच्या हद्दी मोजतो गं मी, कुणी कितीही ओरडलं तरी इंच सोडत नाही. आणि घरी आलो की माझंच मला पटत नाही."

त्या दिवसापासून घरात बोलताना संजीवनी हात मांडीखाली दाबून बसू लागली. ते तरी किती वेळ जमणार? हात सुटायचे. भरत नुसतं 'हो' म्हणायचा.

तेव्हाच तिने बंडी काढून ठेवायला हवी होती. पण समोर राज्याच्या महिला संघाच्या निवड चाचणीचा अंतिम सामना होता आणि बंडीशिवाय उभं राहायची तिला भीती वाटू लागली होती.

सामना साताऱ्याच्या बंदिस्त सभागृहात होता. शेवटची तीन मिनिटं, गुण बरोबरीत. आफरीन मुलाणी ही विरुद्ध संघाची चढाईपटू आत शिरली. डाव्या कोपऱ्यात ऋतुजा भिसे होती, कोरेगावकडच्या एका खेड्यातली एकोणीस वर्षांची मुलगी. घोट्याच्या पकडीसाठी तिचं नाव होत होतं. आफरीनचा पाय पुढे आला, ऋतुजाने झेप घेऊन घोटा धरला. ही पकड नियमात बसणारी. आफरीन उडी मारून सुटू पाहत होती, तेवढ्यात मधल्या तिघी एकदम तिच्यावर कोसळल्या. ढिगाऱ्यातून एक आवाज आला, आणि पाठोपाठ आफरीनची किंकाळी.

संजीवनीने शिट्टी फुंकली. तिच्या आणि आफरीनच्या पायाच्या मध्ये एका मुलीची पाठ होती. ती पाठ आणि तिच्यावरचा सात आकडा एवढंच तिला दिसलं होतं. ढिगारा सुटला तेव्हा आफरीनचा पाय नको तिथे वाकलेला होता आणि घोटा अजून ऋतुजाच्या हातात होता.

संजीवनीचा हात ऋतुजाच्या दिशेने निघाला. सोड, एवढंच तिला सांगायचं होतं की हिने केलं असेल का असं मनात आलं होतं, ते तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. हात निघाला हे खरं. आणि निघताच, छे, मला दिसलेलं नाही, असं वाटून तिने तो मागे घेतला, हेही खरं.

पण हात मागे आला नाही. मुंग्या धावल्या, खांदे मागे गेले आणि तर्जनी ऋतुजाच्या कपाळावर रोखली गेली. दोन सेकंद.

प्रेक्षकांतून "बाहेर काढा तिला!" असा एकच आवाज उठला. बापू शेवाळे हे त्या सामन्याचे सरपंच, म्हणजे सगळ्या पंचांचे प्रमुख. ते मैदानात आले आणि त्यांनी ऋतुजाला लाल कार्ड दाखवलं.

"मी पीळ दिला न्हाई!" ऋतुजा ओरडली. "मी नुसता धरला हुता!"

तिच्या संघातली एकही मुलगी तिच्या बाजूने बोलली नाही. ऋतुजाने त्यांच्याकडे पाहिलं, मग संजीवनीच्या बोटाकडे, मग स्वतःच्या तळहातांकडे. तिचं ओरडणं मध्येच तुटलं.

दोन सेकंद संपल्यावर बंडीने हात सोडला होता. संजीवनीला बोलता येत होतं. बापू, थांबा, मला दिसलं नाही. एवढेच शब्द होते. ते ओठांपर्यंत आले. पण त्या सभागृहातली हजारो माणसं तिच्या बोटाबरोबर होती, एकही खुर्ची उठली नव्हती आणि तिने तोंड उघडलं नाही.

ऋतुजावर दोन वर्षांची बंदी आली. मुद्दाम पाय पिरगाळला असा ठपका. राज्याच्या संघातली जागा गेली, आणि खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीला उभं राहायचं स्वप्नही. चौकशीत चौघी सहकाऱ्यांनी लिहून दिलं की आम्ही पाहिलं. बापूंनी लिहून दिलं की स्पष्ट दिसलं. छतावरच्या आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांत पाठींचा ढीग सोडून काहीच नव्हतं. आणि सर्वांत शेवटी ऋतुजाचा जबाब होता: होय, रागाच्या भरात माझ्याकडून पीळ दिला गेला.

तो जबाब वाचला त्या दिवशी संजीवनी पुण्याला गेली. "त्या सेकंदाची नोंद मला बघायचीय," ती डॉक्टरांना म्हणाली.

पडद्यावर दोन रेषा उमटल्या. निळी रेषा संजीवनीच्या स्नायूंची, लाल बंडीची. निळी वर चढली आणि लगेच खाली वळली. लाल मात्र तशीच चढत गेली.

"तुम्ही हात मागे घेत होतात," डॉक्टर सावकाश म्हणाल्या.

"मग बंडी बिघडली होती?"

"नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "अडखळा काढून टाकणं हेच तिचं काम. तुमचा अडखळा म्हणजे नुसती सवय आहे असं आम्ही धरलं. त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही खरोखर विचार करत होतात, हे आमच्या लक्षातच आलं नाही."

"आणि त्या मुलींनी पाहिलं म्हणून लिहून दिलंय ते? त्या खोटं बोलतायत?"

"नाही. तेच मला झोपू देत नाहीये." डॉक्टर उठून खिडकीपाशी गेल्या. "आठवण म्हणजे फोटो नव्हे. घटना घडल्यावर काही सेकंद ती ओल्या गिलाव्यासारखी असते, आणि पुढेही प्रत्येक वेळी आठवताना थोडी ओली होते. तेवढ्यात समोरच्या खात्रीच्या माणसाने बोट दाखवलं, तर ते बोट त्या गिलाव्यात उमटतं. मला वाटलं होतं, बंडीमुळे लोकांचं पंचाबद्दलचं मत बदलतं. मागच्या महिन्यात आम्ही चाळीस जणांची परीक्षा घेतली. डोळे झाकून उभं केलं, कुणी शिवलं की नाही ते विचारलं, मग डोळे उघडून बंडीवाल्या पंचाचा इशारा दाखवून पुन्हा विचारलं. ज्यांना कुणीच शिवलं नव्हतं त्यांतले निम्मे म्हणाले, शिवलं. कुठे शिवलं ती जागासुद्धा दाखवली. एकाने तर तिथे खाजवलं."

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"अहवाल लिहितेय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

संजीवनीने चौकशी समितीपुढे उभं राहायची परवानगी मागितली. बंडी न घालता गेली. समोर तीन माणसं, मधोमध अध्यक्ष. तिने नोंदीचा कागद पुढे ठेवला आणि बोलू लागली. मला दिसलं नव्हतं. माझा हात मागे येत होता. नंतर मी बोलू शकले असते, पण बोलले नाही. सगळं खरं होतं आणि सगळं अडखळत बाहेर आलं. डोळे दाराकडे गेले, हात अर्धा उठून पडला, शेवटच्या वाक्याला आवाज चिरकला.

अध्यक्षांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "खरातबाई, कुणी दबाव आणलाय का तुमच्यावर? घाबरू नका."

"नाही हो! मी खरं तेच सांगतेय."

"त्या दिवशी मी सभागृहात होतो. तुमचं बोट मी पाहिलंय. आज तुमच्याकडे बघवत नाही. मुलीची दया येते, समजू शकतो. पण मुलीने स्वतः कबूल केलंय."

नोंदीचा कागद त्यांनी वाचला नाही असं नाही. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

बाहेर आल्यावर तिने फाटकाला धरून दोन मिनिटं श्वास घेतला. बंडी घालून आत गेले असते तर? हा विचार आला आणि तो गेला नाही. चार दिवस तो तिच्याबरोबर होता. पाचव्या दिवशी तिने बंडी अंगात चढवली, वरून सदरा घातला आणि ऋतुजाचं गाव गाठलं. समिती नाही तर नाही, निदान त्या पोरीला ठासून सांगता येईल.

ऋतुजा अंगणात शेंगा फोडत होती. बाईंना पाहून उठली, पाया पडली. त्याने संजीवनीला आणखीनच कसंसं झालं.

"आफरीनला बघून आले काल," ऋतुजाच म्हणाली. "दर रविवारी जाते. तिची आई बोलत न्हाई माझ्याशी, पण आत येऊ देती."

"ऋतुजा, तुला मी सांगायला आलेय—"

"बाई, पहिल्यांदा मला वाटलं मी न्हाईच केलं. पर आता हाताला आठवतंय." तिने उजवा तळवा पुढे केला, शेंगांच्या मातीने भरलेला. "हितं. घोटा फिरल्याचं. झोपेतनं उठते तवा मूठ वळलेली असती."

संजीवनीच्या खांद्यांत मुंग्या उठल्या. तू केलं नाहीस, हे तीन शब्द तयार होते. बोट उठलं असतं, मान ताठ झाली असती, पोरीने ऐकलं असतं आणि तिची मूठ उघडली असती. तेवढं करायलाच तर ती आली होती.

पण तिने केलं नाही, हे संजीवनीला कुठे माहीत होतं? तिला दिसली होती ती एक पाठ आणि सात आकडा. न पाहता एकदा बोट दाखवलं होतं. आता न पाहताच दुसऱ्यांदा दाखवायचं?

तिने सदऱ्यात हात घातला आणि बंडीचं बटण बंद केलं. मुंग्या थांबल्या. खांदे खाली आले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तू केलंस की नाही, मला खरंच माहीत नाही. मला दिसलं नव्हतं. ही बंडी आहे ना आतली, तिने माझा हात पुढे नेला. आणि नंतर बोलायचं धाडस मला झालं नाही. ते मात्र बंडीचं नाही, माझं आहे."

ऋतुजाने शेंगांचं सूप पायाने उडवलं.

"माहीत न्हाई? हे सांगाय आलाय तुम्ही हितवर? मग माहीत हाय कुणाला? माझ्या आईनं तोंड झाकून दळण आणलंय चार महिनं!" ती रडत होती. "पोरी म्हणत्यात पाहिलं, बापू म्हणत्यात पाहिलं, माझा हात म्हणतोय केलं—"

"त्या सगळ्यांनी माझं बोट पाहिलंय गं," संजीवनी म्हणाली. "तूसुद्धा."

बोलता बोलता ती थांबली. दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. ज्याने बोट पाहिलं नाही, असं कोण आहे? सामना तर टीव्हीवर होता. बोटाचं ते चित्र आठवडाभर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं.

"आफरीनचं हाड," ऋतुजा नाक पुसत म्हणाली. "त्येनं न्हाई बघितलं."

आफरीनवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. इनामदारांना या प्रकरणाविषयी आजवर कुणीच काही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच कुणाला वाटली नव्हती. एक्स-रे दाखवायला आफरीनची आई आधी नाहीच म्हणाली. आफरीन मात्र कुबड्यांवर उठून स्वतः बरोबर आली. "मला पण कळू दे," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशीचे एक्स-रे उजेडावर लावले. दोन मिनिटं पाहिले.

"पाय पिरगाळला असता तर हाड गोल चिरलं असतं, वळणाच्या जिन्यासारखं. हे आडवं मोडलंय. वाळकी काठी गुडघ्यावर ठेवून मोडावी तसं. पाय अडकलेला आणि वरून वजन पडलं."

"म्हणजे घोटा कुणी फिरवला नाही?" संजीवनीने विचारलं.

"फिरवला असता तर घोट्याचे बंध फाटले असते. ते मी स्वतः पाहिलेत, शाबूत होते. घोटा धरलेला होता, फिरवलेला नाही. हा अपघात आहे." ते तिघींकडे आळीपाळीने बघू लागले. "हे कुणी विचारलंच नाही मला. हाडाला काय, पंच दिसत नाही."

आफरीन खुर्चीत बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. ऋतुजा रडली नाही. ती आपल्या तळहाताकडे बघत उभी राहिली.

समितीने बंदी उठवली ती एक्स-रे पाहून दहा मिनिटांत. संघटनेने बंड्यांचा वापर तूर्त थांबवला. डॉ. देव यांचा अहवालही बाहेर आला. पण त्या फोनवर म्हणाल्या की अहवालानंतर बंडीची मागणी कमी न होता वाढली आहे, आणि मागणारे आता खेळातले नाहीत.

भरतची वही अजून चालू होती. संजीवनीने ती बंद करा म्हटलं नाही. कधी कधी तीच त्याला म्हणायची, "हे लिहून ठेवा."

महिनाभराने ऋतुजाच्या प्रशिक्षकाचा फोन आला. पोरगी सरावाला येते, पण पकड करत नाही. घोटा हातात आला की बोटं उघडतात.

संजीवनी संध्याकाळी त्यांच्या मैदानावर गेली. तिच्या डोळ्यांसमोर ऋतुजाने सात घोटे धरले आणि सातही सोडले. मग ती बाईंजवळ येऊन बसली, धापा टाकत.

"हाडाचा फोटो डोक्याला पटतोय, बाई. हाताला पटत न्हाई." तिने मान खाली घातली. "एक मागू? ती बंडी घाला. आणि एकदा माझ्याकडं बोट करून सांगा, तू केलं न्हाईस. आता तर ते खरं हाय."

बंडी शाळेतल्या कपाटात होती, किल्ली पिशवीत होती. दोन सेकंदांचं काम. आता संजीवनीला खात्री होती, आणि पोरगी आपणहून मागत होती. यात चुकीचं काय, हे तिला शब्दांत सांगता आलं नसतं. पण बाहेरून आत ढकललेल्या खात्रीला या पोरीचा हात एकदा फसला होता. उद्या दुसरं कुणी, दुसरी बंडी घालून, दुसरंच काही सांगेल. तेव्हा हा हात काय करील?

तिने बूट काढले. मोजे काढले. सेहेचाळीस वर्षांचे तिचे पाय मातीवर पांढुरके दिसत होते.

"चल," ती म्हणाली. "मी चढाई करते. तू धर."

"बाई, तुम्हाला लागंल!"

"लागू शकतं. मलाही भीती वाटतेय. चल."

ती मध्यरेषेवरून आत गेली. कबड्डी, कबड्डी, दम लगेच सुटू लागला. डाव्या कोपऱ्याकडे पाय टाकला. ऋतुजाने झेप घेतली, बोटं घोट्याला लागली आणि उघडली. संजीवनी परत फिरली. पुन्हा गेली. पुन्हा बोटं उघडली. तिसऱ्यांदा जाताना तिच्या छातीत कळ येत होती आणि इतर मुली खेळ थांबवून बघत होत्या. प्रशिक्षक "पुरे, बाई" म्हणत होते.

चौथ्यांदा बोटं मिटली.

घोट्याभोवती पकड आवळली. संजीवनीने सवयीने पाय ओढला. ऋतुजाने सोडला नाही. तोल गेला, आभाळ फिरलं आणि ती कुशीवर मातीत आदळली. कुठेतरी कट्‌ असा आवाज झाला.

"बाई!" ऋतुजा किंचाळली. "बाई, लागलं का? मी काही केलं का?"

सगळ्या मुली धावत आल्या. संजीवनीच्या तोंडाशी लगेच शब्द आले. काही नाही झालं, तू काही केलं नाहीस. मानही उठू लागली होती. तिने ती मातीवर टेकवली. पायाचा अंगठा हलवून बघितला. मग दुसरं बोट. घोट्यात दुखत होतं, पण कशाने दुखतंय ते कळत नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. "अजून सांगता येत नाही. बघू दे."

ऋतुजा घोट्यावरचा हात न काढता तशीच मातीत बसून राहिली, उत्तराची वाट बघत.